लिहून घेणार

कडकबाईने घर घेतलं याचा सगळ्यात जास्त आनंद तिच्या दादाला झाला. सल्ला द्यायला आता घरातच गिऱ्हाईक मिळालं होतं.

दादाची स्वतःची तीन घरं भाड्याने दिलेली होती, आणि तेवढ्या जोरावर तो जगातल्या समस्त भाडेकरूंना ओळखून होता. जेवायला बसला की सुरू व्हायचा. "धाकटे, ऐक. भाडेकरूचा चेहरा बघायचा नाही, पगाराचा कागद बघायचा. घर ताब्यात देण्याआधी भिंती, नळ, बटणं, सगळ्याचे फोटो काढायचे आणि त्यावर त्याची सही घ्यायची. मीटरचा आकडा लिहून ठेवायचा. तोंडी काही नाही, सगळं कागदावर. आणि कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, सख्ख्या बापाने पुढे केला तरी."

"अहो, वन्संना घास तरी गिळू द्या," वहिनी म्हणायची. मग घास गिळण्यापुरती शांतता मिळायची.

सगळंच काही टाकाऊ नव्हतं, हेही सांगायला हवं. फोटो कडकबाईने काढले. मीटरचा आकडा लिहिला. न्हाणीघरातला ठिबकणारा नळ भाडेकरू येण्याआधीच बदलून घेतला. नंतर त्याच नळावरून दोन्हीकडून तोंडं सुजतात हे तिला ठाऊक होतं. पण बाकीचं ती या कानाने ऐकायची आणि त्या कानाने सोडून द्यायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि आजवर अकरा भाड्याच्या खोल्यांत तिने संसार मांडला आणि गुंडाळला होता. घरमालक ही काय चीज असते ते दादाने तिला शिकवायची गरज नव्हती.

कडकबाई हे नाव इस्पितळाच्या धुलाईघरातलं. एकोणतीस वर्षं तिने तिथे चादरींना आणि डॉक्टरांच्या कोटांना इस्त्री केली. कोटाची कॉलर अशी कडक व्हायची की मान वळवायची तर डॉक्टरला अख्खं अंग वळवावं लागे. नाव कॉलरवरून पडलं की तिच्या जिभेवरून, हे मात्र तिच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती झाली नाही. निवृत्त होताना हातात आला तो सगळा पैसा तिने दोन खोल्यांच्या त्या घरात घातला. तिसरा मजला, मागे एक गॅलरी, तीही अंग तिरकं करूनच उभं राहावं एवढी. पेन्शन नव्हती. त्या घराचं भाडं हीच पेन्शन, म्हणून ती स्वतः तिथे न राहता दादाच्या मागच्या खोलीत फुकट राहत होती. ते घर हातचं गेलं असतं, तर एकोणतीस वर्षांचं दाखवण्यासारखं तिच्याकडे फक्त मनगटांवरचे चटके उरले असते.

दादाच्या सगळ्या सल्ल्यांत एक सल्ला तिच्या डोक्यात जायचा.

"दुसरी किल्ली आपल्यापाशी ठेवायची," दादा म्हणायचा, "आणि महिन्यातून एकदा न सांगता जायचं. सांगून गेलं की आवरलेलं घर दिसतं, भाडेकरू दिसत नाही."

सातव्या खोलीचा मालक असाच यायचा. एकदा कडकबाई न्हाऊन बाहेर आली, केसांत अजून साबण, अंगाला पंचा गुंडाळलेला, आणि हा गृहस्थ टेप घेऊन खिडकी मोजत उभा. "चालू द्या तुमचं," म्हणाला, जणू तीच त्याच्या कामात आली होती. तेव्हा ती काही बोलली नाही. दुसरी खोली मिळत नव्हती, म्हणून गप्प बसली. त्या गप्प बसण्याबद्दल तिला मालकापेक्षा स्वतःचा राग जास्त आला होता, आणि तो अजून उतरलेला नव्हता. तिने दुसरी किल्ली घेतली, पण नळ फुटला, आग लागली तर असावी म्हणून. खोलीतल्या खिळ्याला अडकवली आणि तिच्याकडे पाहणं सोडून दिलं.

भाडेकरू तिने स्वतः निवडली. कवळ्या करणारी एक तरुण बाई होती. दिवसभर दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि संध्याकाळी घरी खिडकीपाशी बसून मेणात एकेक दात बसवायची. कडकबाईने तिच्या तेव्हाच्या मालकाला विचारलंच नाही. त्याच्याही आधीच्या मालकाला गाठलं. आत्ताच्या मालकाला भाडेकरू घालवायचा असला तर तो गोडच बोलणार, आधीच्याला खोटं बोलून काय मिळणार? तो म्हणाला, "बाई चांगली आहे. जरा तोंडाळ आहे." कडकबाईने तिथेच ठरवून टाकलं. आणि मालकांनी आपल्याला जन्मभर अगंतुगं केलं म्हणून, वयाने निम्म्या असलेल्या त्या दातवालीला ती पहिल्या दिवसापासून 'तुम्ही' म्हणायला लागली.

करारनामा दादाने आणला. तिन्ही घरांना वापरलेला, दुकानात मिळणारा छापील फॉर्म, मध्ये मोकळ्या जागा. अक्षर कडकबाईचं चांगलं, म्हणून जागा तिने भरल्या. आणि इथे घोटाळा झाला.

फॉर्मवर दोन जागा होत्या. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. लिहून देणार म्हणजे मालक, तो घर लिहून देतो. लिहून घेणार म्हणजे भाडेकरू. अकरा करारांत कडकबाईने आपलं नाव 'लिहून घेणार'समोर लिहिलं होतं, आणि बाराव्या वेळी हात सवयीने तिथेच गेला. क्षणभर थांबली, नाही असं नाही. पण डोकंही हाताच्याच बाजूने बोललं: भाडं देणार कोण? ती. घेणार कोण? मी. मग बरोबर आहे. तिने ठसठशीत अक्षरात आपलं नाव लिहिलं, वर दातवालीचं लिहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा घेणाऱ्यांत गेल्याच्या समाधानात पेनाचं टोपण लावलं.

नोटरीच्या कचेरीत दोघींनी आपापल्या नावापुढे सह्या केल्या. साक्षीदार म्हणून दादाने सही ठोकली. सख्ख्या बापाचाही कागद वाचल्याशिवाय सही न करणारा हा माणूस तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी भिंतीच्या ओलीवर उपाय सांगत होता. कारकुनाने पुकारलं, "लिहून देणार कोण?" आणि नाव वाचून मूळ कागद दातवालीच्या हातात दिला. मालकिणीला मिळाली छायाप्रत. चौघांतल्या एकालाही काही खटकलं नाही.

चार महिने सुखाचे गेले. भाडं वेळेवर येत होतं, आणि कडकबाई एकदाही त्या जिन्याची पायरी चढली नाही. मग इमारतीच्या चिटणिसाला करारनाम्याची प्रत हवी झाली. ती द्यायला दादा गेला आणि परत आला तो घामाने डबडबलेला.

"धाकटे, काय केलंस हे!" त्याने कागद टेबलावर आपटला. "वाच. मोठ्याने वाच."

कडकबाईने वाचलं. "लिहून देणार हे सदर घराचे मालक असून..." आणि तिथे दातवालीचं नाव, तिच्याच हातचं, वळणदार.

खरेदीखत आपल्या नावावर आहे, हे तिला लगेच आठवलं, पण दादा ओळखीच्या वकिलाकडूनच येत होता. खरेदीखत आहे तेव्हा शेवटी निकाल तुमच्याच बाजूने लागेल, असं वकील म्हणाला होता. पण त्या बाईने हा कागद घेऊन भांडायचंच ठरवलं, तर 'शेवटी' म्हणजे किती वर्षांनी ते सांगता येत नाही, आणि तोवर भाडं बंद. कडकबाईचं वय धरलं तर ते 'शेवटी' तिच्या शेवटानंतरही येऊ शकलं असतं.

"मी जाऊन सांगते तिला," ती म्हणाली. "चूक झाली, दुसरा कागद करू."

"वेड लागलंय?" दादा किंचाळला. "आपण घर लाटू शकतो हे तिला अजून कळलेलं नाही. तू जाऊन सांगणार? अगं, ती कामावर गेली की जायचं, कपाट उघडायचं, कागद उचलायचा. किल्ली आहे ना आपल्याकडे?"

"किल्ली आहे. कपाट आपलं नाही."

"घर आपलं आहे!"

"घर माझं आहे," कडकबाई म्हणाली, "आणि ते मी तिला राहायला दिलंय. मी जाणार नाही, तूही जायचं नाहीस. रविवारी तिला सुट्टी असते, तेव्हा मी तिच्याशी बोलेन."

दादा गप्प झाला. तो पटकन गप्प झाला यातच तिने समजायला हवं होतं.

शुक्रवारी ती दवाखान्यातून डोळे तपासून आली, तर खिळा रिकामा. तासाभराने दादा शीळ घालत आला. चाळीस वर्षांत तिने त्याला शीळ घालताना ऐकलं नव्हतं.

"हा घे," त्याने मूळ कागद तिच्या पुढ्यात ठेवला. "फाडून टाक. मिटला विषय. पण काय घर करून ठेवलंय गं तिने! जिकडे बघावं तिकडे दात. खिडकीत जबडे, टेबलावर जबडे, सगळे माझ्याकडे बघून हसतायत. दचकलोच मी. त्यातला एक पडला खाली. मेणाचाच होता, झाले तुकडे."

"कुणाचा होता?"

"मला काय ठाऊक? जबड्यावर नाव लिहिलेलं असतं का?"

कडकबाई उभी राहिली. राग तिला नवा नव्हता, पण हा तळपायातून निघून मस्तकाला भिडला. तिच्या किल्लीने, तिच्या नावाने, तिच्याच घरात सातव्या खोलीचा मालक शिरून आला होता, आणि तो तिचा भाऊ होता. तिने कागद उचलला, पिशवीत घातला, आणि हात पुढे केला.

"किल्ली दे."

"कुठे निघालीस?"

"कागद परत द्यायला."

दादाला आधी हसू आलं. मग ती चपला घालताना दिसली, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "अगं, तुझंच घर आहे, त्याच्यासाठी मी चोरासारखा... तुला लाज नाही वाटत? फाड तो कागद!"

"वाटते ना लाज. म्हणून तर चाललेय."

"मग नीट ऐकून जा. तो कागद तिच्या हातात गेला, तर या घरात परत यायचं नाही. मागची खोली मी भाड्याने देईन."

"दे," कडकबाई म्हणाली. "नळ आधी दुरुस्त करून घे, ठिबकतो."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. तिने नवऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि नणंदेच्या हातावर ठेवली. "जा वन्सं," ती म्हणाली. "यांच्या तिन्ही घरांत हेच चालतं. कुणीतरी एकदा यांना बाहेर उभं करायलाच हवं."

दातवाली घरी आलेली होती. कडकबाईने दार ठोठावलं तेव्हा ते साखळीपुरतं उघडलं, आणि फटीतून एक डोळा दिसला, लाल झालेला.

"काकू, बरं झालं आलात. मी पोलिसांत जायला निघाले होते. कुणीतरी घरात शिरलं होतं. कुलूप तुटलेलं नाही, पैसे जागच्या जागी आहेत, आणि माझं तीन दिवसांचं काम जमिनीवर पडलंय."

"चोर माझा भाऊ आहे," कडकबाई म्हणाली. वाटेत तिने चारपाच वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली. "किल्ली माझी होती. मी त्याला जाऊ नको म्हटलं होतं, पण किल्ली सांभाळली नाही, तेव्हा दोष माझाच. ही किल्ली, आणि हा तुमचा कागद. कपाटातून घेतलेला. मोजून बघा अजून काही गेलंय का."

साखळी निघाली नाही. फटीतून हात आला, किल्ली आणि कागद आत गेले.

"कागद कशाला चोरला?"

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. उगाच, चुकून, काहीही म्हणता आलं असतं. कडकबाईने भिंतीला हात टेकला.

"पहिलं पान वाचा. 'लिहून देणार' म्हणजे मालक. मी चुकून तिथे तुमचं नाव लिहिलंय. कागदावर हे घर तुमचं आहे आणि मी तुमची भाडेकरू. तुम्ही कोर्टात गेलात तर मला फार जड जाईल. माझ्याकडे दुसरं काही नाही."

आतून बराच वेळ कागदाची सळसळ ऐकू आली. मग दार उघडलं. दातवालीने तिला आत बोलावलं नाही, दारातच उभी राहिली.

"मग आणून का दिलात? फाडला असता तर मला कळलंही नसतं."

"तुमच्या कपाटातला होता म्हणून."

"एवढंच?"

"एवढं पुरत नाही का?" कडकबाई फटकन म्हणाली. "मी तुमच्या पाया पडायला आलेली नाही. घर माझं आहे, खरेदीखत माझ्याकडे आहे, आणि तुम्ही भांडलात तर मी मरेपर्यंत भांडेन. पण चोरून नाही."

दातवाली काही बोलणार, तेवढ्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या. दादा स्कूटरवरून आला होता आणि तीन जिने एका दमात चढला होता. दातवालीच्या हातातला कागद पाहून त्याने कपाळावर हात मारला.

"दिलास! शेवटी दिलासच! बाजूला हो. ओ बाई, तो कागद इकडे द्या. आणि मला आत येऊन घराची पाहणी करायचीय. नववं कलम वाचा, मालकाला हक्क आहे. केव्हाही. न सांगता."

तो पुढे सरसावला. कडकबाईने दोन्ही हात चौकटीला लावले. उंचीने ती त्याच्या खांद्याला लागायची, पण एकोणतीस वर्षं ओल्या चादरी उचललेले ते हात होते.

"दादा, नववं कलम मला पाठ आहे. म्हणून दाखवू? 'लिहून देणार यांना सदर घरात केव्हाही, पूर्वसूचना न देता, येण्याचा अधिकार राहील. लिहून घेणार यांनी त्यास हरकत घेऊ नये.' लिहून देणार कोण आहे?"

दादाने मान वाकडी करून दातवालीच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"ही आहे. मी लिहून घेणार. या कलमाने मला स्वतःलाच न सांगता आत शिरायचा हक्क नाही, आणि तू कोण? तू साक्षीदार. खाली तुझीच सही आहे ना, वाचून केलेली? तेव्हा मालकिणीला विचार, आत येऊ का म्हणून."

दादाने खरंच दातवालीकडे पाहिलं. तिच्या मागे खिडकीत प्लास्टरच्या जबड्यांची रांग होती.

"नको," दातवाली म्हणाली.

"धाकटे, तू रस्त्यावर येशील," दादा म्हणाला, पण आवाजात जोर राहिला नव्हता.

"रस्ता मला नवा नाही. बारावी खोली बघेन. पण या दारातून तू आत जाणार नाहीस. आज नाही, आणि कागद सरळ झाल्यावरही नाही. हिने बोलावलं तरच. मलाही तोच नियम."

दादा वळला आणि एकेक पायरी उतरू लागला. कडकबाईने हात खाली घेतले.

"कागद सोमवारी बदलू," दातवाली म्हणाली. "नववं कलम खोडायचं. तोवर हा माझ्याकडे राहील. तुमच्यावर विश्वास बसला असला तरी तुमच्या घरच्यांवर बसलेला नाही."

"राहू दे." तीन रात्री, कडकबाईने मनात धरलं. तीन रात्री आपलं घर या पोरीच्या शब्दावर. तिला भीती वाटली आणि ती भीती तिने गिळली.

"आणि दुसरं. तो जबडा पडला ना, तो एका आजोबांचा होता. उद्या त्यांना कवळी मिळायची होती. दोन महिने बिचारे पातळ खाऊन राहिलेत. आता पुन्हा बसवायचं म्हणजे अजून चार दिवस. मी त्यांना हे सांगणार नाही. हा नंबर घ्या, तुम्ही सांगा."

जिन्यावरून दादाचा आवाज आला. तो अजून पहिल्या मजल्यावरच होता. "अजिबात फोन करू नकोस! चूक कबूल केलीस की भरपाई मागेल! सांग, मी घरातली कुणी नाही, मला काही माहीत नाही!"

कडकबाईने फोन काढला. चष्मा नव्हता, म्हणून आकडे दातवालीने वाचले आणि तिने दाबले. पलीकडे बऱ्याच वेळाने कुणीतरी उचललं, बोळक्या तोंडाचा आवाज आला, "कोण?"

कडकबाई कठड्यापाशी गेली आणि तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजोबा, तुमचे दात माझ्या घरात मोडले. मी घरमालकीण बोलतेय."